ढोलीतली मादी आणि दाराबाहेरचा नर

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या कुंपणालगत असलेल्या जुन्या शिरीषाच्या ढोलीत एप्रिलमध्ये राखी धनेशाची मादी शिरली. काही दिवसांतच ढोलीचे तोंड लिंपले गेले आणि आता तेथे फक्त एक उभी फट दिसते. नर दिवसभर ये-जा करून त्या फटीतून खाऊ देतो. त्याने मादीला कोंडले आहे, लेप फोडून तिची सुटका करावी, असे काही सभासदांचे म्हणणे आहे. पावसाळ्यापूर्वीची छाटणीही व्हायची आहे. काय करावे? (वाचक, पुणे)

उत्तर : मादीला कोणी कोंडलेलेच नाही, त्यामुळे सुटकेचा प्रश्न येत नाही. ते दार तिने स्वतः, आतून, बंद केलेले आहे. स्वतःची विष्ठा, फळांचा चोथा आणि नराने आणून दिलेली चिखलाची ढेकळे चोचीच्या कडेने थापून ती हा लेप तयार करते. तो वाळला की चांगलाच टणक होतो. साप, घोरपड, मुंगूस यांच्यापासून आणि ढोलीवर डोळा असलेल्या दुसऱ्या धनेशांपासूनही अंडी सुरक्षित राहावीत, हा त्यामागचा हेतू मानला जातो. धनेशाला सुतारासारखे लाकूड कोरता येत नाही. फांदी कुजून आपोआप झालेली ढोलीच त्याला लागते आणि अशा ढोल्या थोड्या असल्यामुळे एकच जागा वर्षानुवर्षे वापरली जाते.

आत गेल्यावर मादी पंखांची आणि शेपटीची मोठी पिसे झपाट्याने गाळते. आपल्या सभासदांनी सद्भावनेने लेप फोडला, तर उडता न येणारी मादी आणि उघडी अंडी कावळ्यांच्या तोंडी दिल्यासारखे होईल. पुढील दोन-अडीच महिन्यांत तिला नवी पिसे येतात आणि पिल्लेही वाढतात. काही जातींत आई आधी बाहेर पडते आणि मागे राहिलेली पिल्ले तेच दार आतून पुन्हा लिंपून घेतात. हे काम त्यांना कोणीही शिकवलेले नसते.

दुर्बीण असल्यास नराचे भरवणे दुरून जरूर पाहावे. वड, पिंपळ, उंबर यांची बरीच फळे तो गळ्यात साठवून आणतो, फटीजवळ खोडाला बिलगून बसतो, मान झटकून एकेक फळ चोचीच्या टोकाशी आणतो आणि आतून पुढे आलेल्या चोचीत अलगद ठेवतो. जीभ आखूड असल्यामुळे स्वतः खातानाही त्याला फळ चोचीच्या टोकावरून उडवून घशात टाकावे लागते. अंडी फुटल्यावर किडे, सरडे असा मांसाहारही वाढतो. पोपटाची पिल्ले पळवतानाही राखी धनेश आढळला आहे. आतली स्वच्छता मादी काटेकोरपणे राखते. ती फटीकडे पाठ करून विष्ठा जोराने बाहेर टाकते, त्यामुळे झाडाखाली बियांचा सडा पडलेला दिसतो.

छाटणी पिल्ले उडून जाईपर्यंत थांबवावी. वन्य पक्ष्याच्या घरट्याची नासधूस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारीच्या व्याख्येत येते, तर शहरातील वृक्षतोडीला १९७५ चा महाराष्ट्राचा कायदा लागू आहे. छाटणी करतानाही ढोलीची फांदी वाळकी दिसते म्हणून आधी तीच उतरवली जाते. झाड धोकादायक नसेल, तर ती राहू द्यावी.

प्रश्न : या काळात नर मारला गेला, तर मादी आत उपाशी मरते का? (वाचक, संगमेश्वर)

उत्तर : लेप तिचाच असल्याने तो फोडून ती बाहेर येऊ शकते, पण पिसे गळालेली असताना बाहेर येऊन उपयोग होत नाही आणि पिल्ले वाचण्याची आशा फारशी उरत नाही. कोकणातल्या देवरायांत घरटी करणाऱ्या मोठ्या धनेशांच्या बाबतीत हा धोका अधिक आहे. महाधनेशाचा हा उद्योग तीन-चार महिने चालतो आणि बहुधा एकच पिल्लू वाढते, म्हणजे एका गोळीने त्या जोडीचे अख्खे वर्ष वाया जाते. अरुणाचलातील पक्के व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात पूर्वीचे शिकारीच घरट्यांचे राखणदार झाले आहेत. या उपक्रमात घरटे दत्तक घेणाऱ्या नागरिकांच्या पैशातून राखणदारांना मानधन मिळते. आपल्याकडेही देवराईच्या मानकऱ्यांना हाताशी धरून असे काही उभे करता येईल, असे आम्हाला वाटते.

प्रश्न : आमच्या अंगणातील बिट्टीची फळे धनेश खातो. ती विषारी असतात ना? (वाचक, नागपूर)

उत्तर : होय, पण राखी धनेश ती खाऊन पचवतो, अशा नोंदी आहेत. त्याला चावता येत नाही. फळ सबंध गिळायचे आणि मोठी बी न फोडता ओकून टाकायची, ही त्याची रीत. मात्र मुलांना त्या झाडापासून दूर ठेवावे, कारण बिट्टीच्या बीमुळे माणसाच्या हृदयाची लय बिघडते आणि वेळेवर उपचार न मिळाल्यास जीवही जाऊ शकतो.