डब्यात न मावणारा डबा

प्रिय लेकी,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले गाणे मी चार वेळा वाचले आणि दोनदा तुझ्याच चालीत मोठ्याने म्हणून पाहिले. विषय धाडसाचा आहे. प्रेमातल्या मत्सराची कबुली द्यायला माणसे लाजतात, म्हणून गाण्यात तो बहुधा विरहाचे किंवा रागाचे सोंग घेऊन येतो. तुझी नायिका मात्र पहिल्याच ओळीत सांगते की त्या दुसऱ्या मुलीचे नाव ऐकले तरी तिला सहन होत नाही. ही ओळ कोणी कितीही सांगितले तरी बदलू नकोस. अडचण पुढे आहे. दुसऱ्या कडव्यात ती त्या मुलीला दूर हो म्हणून बजावते आणि तिसऱ्यात एकाएकी शहाणी होऊन मत्सर किती वाईट, हे श्रोत्यांना समजावते. तिथे गाणे थांबते आणि प्रवचन सुरू होते.

हे नीट उलगडण्यासाठी सुझी क्वाट्रोने गायलेल्या ‘कॅन द कॅन’ या गाण्याविषयी सांगते. ग्लॅम रॉकचा, म्हणजे झगमगत्या वेशभूषेतल्या रॉक संगीताचा, भर होता, तेव्हा, जून १९७३ मध्ये, ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले. सुझी मूळची अमेरिकेतल्या डेट्रॉइटची. बहिणींबरोबरच्या बँडमध्ये ती बास गिटार वाजवत असे. निर्माता मिकी मोस्ट याने तिला तिथे ऐकले आणि १९७१ मध्ये ती इंग्लंडला आली. तिथले पहिले गाणे ब्रिटनमध्ये चालले नाही. मग निकी चिन आणि माइक चॅपमन या गीतकार जोडीने तिच्यासाठी हे गाणे लिहिले. त्या काळी पुरुष गायक चकाकणारे कपडे आणि चेहऱ्यावर चमकी लावून मंचावर येत, आणि ही मुलगी साध्या चामड्याच्या पोशाखात, गळ्यात भलीमोठी बास गिटार अडकवून, त्यांच्यापेक्षा वरच्या आवाजात गात उभी राहिली.

गाण्याचा विषय तुझाच आहे: आपला माणूस दुसरी कोणी घेऊन जाईल ही भीती. पण गाणारी बाई ‘मला भीती वाटते’ असे कुठेही म्हणत नाही. ती दुसऱ्या एका बाईला सल्ला देते, की तुझ्या माणसाला धरून ठेव, डब्यात बंद कर. वाघीण आणि गरुड येतात, नखे येतात, डोळे ओरबाडण्याची भाषा येते. शब्दांत सगळे हुकूम आहेत. कबुली आहे ती आवाजात. ड्रमचे जड ठोके खालून रेटत असताना तिचा आवाज वरच्या पट्टीत जवळजवळ किंचाळीपर्यंत ताणला जातो, आणि इतक्या जिवाच्या आकांताने कोणी परक्या बाईला सल्ला देत नाही, हे ऐकणाऱ्याला आपोआप कळते. तुझ्या तिसऱ्या कडव्याने जे समजावून सांगितले आहे ते तिथे कोणालाही सांगावे लागत नाही.

शीर्षकाचा अर्थ तर मला फारच महत्त्वाचा वाटतो. इंग्रजीत ‘कॅन’ म्हणजे डबा, आणि डब्यात बंद करणेही. गीतकार चिन याने तो असा उलगडला आहे की एकाच मापाचा एक डबा दुसऱ्यात बसत नाही, तसा ज्याला बांधून घ्यायचे नाही अशा पुरुषालाही डब्यात घालता येत नाही. तू आजीच्या फडताळात एकात एक बसवलेले स्टीलचे डबे पाहिले आहेस. सारख्या मापाचे दोन असले की ते शेजारीशेजारीच ठेवावे लागतात. म्हणजे धृपदात जो हुकूम पुन्हापुन्हा सुटतो तो पाळताच येणार नाही, हे शीर्षकच सांगून टाकते. मत्सराचे स्वरूप हुबेहूब असेच असते. ज्याला धरून ठेवता येत नाही हे आतून ठाऊक असते, त्यालाच माणूस अधिक घट्ट धरू पाहतो.

या गाण्यातले एक मात्र घेऊ नकोस. सगळा राग त्या दुसऱ्या बाईवर निघतो आणि ज्याने मन वळवले तो पुरुष एखाद्या वस्तूसारखा बाजूला राहतो. दोन पुरुषांनी लिहिलेल्या गाण्यात ते सहज घडले असेल. तुझ्या दुसऱ्या कडव्यात ते घडलेले पाहून मला वाईट वाटले. त्या मुलीने तुझ्या नायिकेला कोणतेही वचन दिले नव्हते. ज्याने दिले होते, त्याच्याशी तिला बोलू दे.

मत्सर ओसरल्यानंतरचे गाणेही लिहिता येते, पण ते वेगळे असते. ‘बीटल्स’ या बँडमधल्या जॉन लेननने १९६८ मध्ये ऋषिकेशच्या मुक्कामातून एक चाल आणली होती; तेव्हा तिचे शब्द निसर्गाविषयी होते. १९७१ मध्ये त्याच चालीवर त्याने ‘जेलस गाय’ ही मत्सरी माणसाची क्षमायाचना लिहिली. त्याच्या हत्येनंतर, १९८१ मध्ये, ग्लॅमच्याच लाटेतून पुढे आलेल्या रॉक्सी म्युझिक या बँडने ते गाणे त्याला श्रद्धांजली म्हणून गायले आणि ब्रिटनमध्ये त्यांना पहिला क्रमांक मिळाला तो केवळ याच गाण्याने. त्यात हुकूम नाही, आरडाओरडा नाही. शेवटी शब्द संपतात आणि गायक ब्रायन फेरी नुसती शीळ घालतो. ऋषिकेशची चाल क्षमेला कशी चालली, याचा मी अनेकदा विचार केला आहे. मला वाटते, दोन्हीकडे माणूस स्वतःला लहान करून उभा आहे.

तुझी नायिका एकाच गाण्यात दोन्ही ठिकाणी उभी राहू पाहते. दोन कडवी ती आगीत आहे आणि तिसऱ्यात आग विझून वर्ष उलटल्यासारखी बोलते. मधला काळ गाण्यात नाही, म्हणून ते शहाणपण उसने वाटते. तुझा आवाज आणि तू निवडलेला ठेका पाहता तिला आगीतच राहू दे.

शब्दांविषयी एकच सांगते. ‘मत्सर’ हा शब्द तू पाच वेळा वापरला आहेस. तो पुस्तकातला शब्द आहे आणि तिला जे होते आहे त्याला तो नेमका लागूही पडत नाही, कारण मत्सर म्हणजे दुसऱ्याचे बरे न पाहवणे, आणि तिला तर आपले जाईल याची धास्ती आहे. आपल्या बोलण्यात माणूस जळतो, त्याच्या पोटात दुखते, त्याचा जीव खालीवर होतो. तुझ्या नायिकेचा जीव खालीवर होतो आहे. तो रात्री उशिरा घरी येतो तेव्हा ती जिन्यावरची पावले मोजते, ही तुझ्या पहिल्या कडव्यातली ओळ त्या पाचही ‘मत्सरां’हून अधिक सांगते.

तेव्हा तिसरे कडवे काढून टाक, दुसऱ्यातला राग ज्याचा त्याला दे, आणि धृपद तुझ्या नेहमीच्या पट्टीपेक्षा दोन सूर वर घेऊन पाहा. आवाज फाटला तरी चालेल. या वेळी लिहून पाठवू नकोस, गाऊन पाठव.

तुझी,
मावशी