ॲस्ट्रोफोटोग्राफी (ताऱ्यांचे-ग्रहांचे फोटो काढणं) करायचीय, आधी टेलिस्कोप घेऊ की कॅमेरा? तुम्ही लोक यात कसे आलात?

लगेच दोन्ही घेऊ नका. मी आधी टेलिस्कोप घेतला आणि चांगलाच पस्तावलो, म्हणून सांगतोय.

मी डोंबिवलीचा. कॉलेजात असताना मित्राच्या नादाने खगोल मंडळ या हौशी संस्थेच्या, कर्जत लाइनवरच्या वांगणीतल्या रात्रभराच्या आकाशदर्शनाला गेलो, म्हणजे खरं सांगायचं तर रात्रभर टाइमपास होईल म्हणूनच गेलो होतो. तिथे एका काकांनी मृगाच्या बाणाच्या जरा खाली दुर्बीण लावली आणि म्हणाले बघ, तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा ढग. बघितलं तर राखाडी धूर! फोटोत तर गुलाबी-जांभळा असतो की. तर काका म्हणाले, एवढ्या मंद उजेडात आपल्या डोळ्याला रंग कळतच नाहीत, कॅमेरा उजेड साठवत बसतो म्हणून त्याला कळतात. झालं, तिथेच किडा चावला. मला वाटतं निम्मे लोक तो राखाडी धूर बघून चिडूनच यात येतात.

मग पहिल्या पगारात ऑनलाइन टेलिस्कोप मागवला. खोक्यावर लिहिलेलं 525 पट मोठं दिसेल. आता कळतं की तीन इंची दुर्बिणीला दीडशेपटीच्या पुढे नुसतं धुरकटच दिसणार, पण तेव्हा कोण सांगणार. स्टँड असला लटपटा की फोकसला बोट लावलं की चंद्र नाचायला लागायचा. तो अजून माळ्यावर आहे.

खरी सुरुवात झाली भावाच्या जुन्या डीएसएलआरवर, 50 एमएमची लेन्स आणि साधा ट्रायपॉड. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते, त्यामुळे शटर जास्त वेळ उघडं ठेवलं की ताऱ्यांच्या रेघा होतात. ढोबळ हिशोब म्हणजे 500 भागिले फोकल लेंथ (लेन्सचे एमएम) इतके सेकंद, आणि छोट्या सेन्सरचा कॅमेरा असेल तर उत्तराला परत दीडने भागा. म्हणजे 50 एमएमला जेमतेम साडेसहा सेकंद, मी पाचच धरतो. पाच सेकंदात काय येणार, काही नाही येत. पण तसेच शंभर फोटो काढून सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर या सॉफ्टवेअरमध्ये (दोन्ही फुकट आहेत) एकावर एक रचले की सिग्नलच्या (खऱ्या उजेडाच्या) मानाने नॉइज, म्हणजे फोटोतले खरखरीत ठिपके, दहापट कमी होतो, आणि मग त्या काळ्या फोटोतून देवयानीची दीर्घिका (अँड्रोमेडा गॅलक्सी) वर येते. 25 लाख वर्षांपूर्वी निघालेला उजेड, आणि आपण पहाटे चार वाजता घामट बनियनवर लॅपटॉपसमोर. त्या रात्री घरातल्या सगळ्यांना उठवलं होतं मी, शिव्या खाल्ल्या.

पुढची पायरी ट्रॅकिंग, म्हणजे ताऱ्यांच्या वेगाने कॅमेरा फिरवत राहायचा. तयार ट्रॅकर महाग, म्हणून मी दोन फळ्या, एक बिजागरी आणि एम6चा (6 मिलिमीटर जाडीचा) आट्यांचा रॉड घेऊन सुताराकडून करून घेतला. बिजागरीपासून साधारण 228 मिलिमीटरवर रॉड लावायचा, बिजागरीची रेघ ध्रुवताऱ्याकडे रोखायची आणि घड्याळात बघत रॉडला मिनिटाला एक फेरा हाताने द्यायचा, की कॅमेरा लावलेली फळी हळूहळू उघडत जाते. सुताराला वाटलं डोकं फिरलंय. पण 50 एमएमला मिनिटभराचे फोटो आले! फक्त आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून 19 अंशांवरच असतो, समोर डोंगर किंवा बिल्डिंग असली की गेला, त्यामुळे जागा आधी दिवसा जाऊन बघा.

बाकी कॅलेंडरात अमावस्येच्या जवळचे शनिवार शोधायची सवय लागते. पावसाळ्याचे चार महिने विसराच, तेव्हा लेन्स सिलिका जेलसोबत डब्यात, नाहीतर बुरशी धरते. थंडीत पहाटे दव पडतं, माझी एक अख्खी रात्र त्यात वाया गेलीय कारण लेन्स पुसायचं सुचलंच नाही.

ग्रहांचं शास्त्र वेगळंय, तिथे टेलिस्कोप लागतोच, व्हिडिओ काढून त्यातल्या हजारो फ्रेम्समधल्या स्थिर तेवढ्या निवडतात. ऑस्ट्रेलियातल्या अँथनी वेस्ली नावाच्या प्रोग्रामरला 19 जुलै 2009 ला असंच घरच्या दुर्बिणीतून गुरूवर काळा डाग दिसला, काहीतरी आदळलं होतं तिथे, आणि मग नासाने हवाईच्या दुर्बिणीतून बघून ते खरं ठरवलं.

तर तुमच्यासाठी क्रम असा: आधी वांगणीला किंवा पुण्यात असाल तर ज्योतिर्विद्या परिसंस्था या तिथल्या हौशी संस्थेत जाऊन दुसऱ्यांच्या दुर्बिणीतून दोन-चार रात्री बघा, मग कोणाचा तरी जुना कॅमेरा आणि दणकट ट्रायपॉड, मग ट्रॅकर. टेलिस्कोप सगळ्यात शेवटी. आणि माझा माळ्यावरचा हवा असेल तर सांगा, फुकट देतो.