ग्रेन घालण्याआधी एवढं सांभाळ

भाऊ, सारंगखेड्याच्या घोडेबाजाराचे तुझे फोटो बघितले. प्रकाश सुंदर पकडलायस. जुन्या कृष्णधवल फिल्मसारखं दिसावं म्हणून तू घातलेला ग्रेन, म्हणजे बारीक कणांचा खरखरीतपणा, मात्र सगळीकडे सारखा पडलाय, त्यामुळे फोटोवर धूळ बसल्यासारखी वाटते.

कृष्णधवल फिल्मवर चित्रच चांदीच्या कणांनी बनतं. डोळ्यांना ते कण मधल्या करड्या छटांत सगळ्यात जास्त जाणवतात, गडद काळ्यात आणि झगझगीत पांढऱ्यात कमी. तुझ्याकडे पांढऱ्या घोड्याच्या पाठीवर आणि तंबूतल्या अंधारातही तो तेवढाच आहे. फोटोभर सारखेच ठिपके टाकणारा नॉइजचा फिल्टर नुसता मारला की असंच होतं. दोन्ही टोकांना ग्रेन कमी कर, निम्मं काम तिथेच होईल.

बाकी सुरुवातीला एवढंच:

- आधी कॉन्ट्रास्ट नीट कर. सपाट फोटो ग्रेनने सुधारत नाही.
- फोटोचा आकार बदलणं आणि शार्पनिंग (कडा ठळक करणं) आधी, ग्रेन सगळ्यात शेवटी. नाहीतर शार्पनिंग कणांनाच धार लावतं.
- ट्राय-एक्स किंवा एचपी५ या ४०० आयएसओच्या (प्रकाशाला बऱ्यापैकी संवेदनशील) कृष्णधवल फिल्मवर काढलेला ३५ मिमीचा एखादा चांगला स्कॅन शेजारी उघडून ठेव. अंदाजाने स्लायडर ओढण्यापेक्षा हे कितीतरी बरं.
- व्हॉट्सॲपवर पाठवून ग्रेन जोखू नकोस, कॉम्प्रेशनमध्ये बारीक कण पुसले जातात. त्यापेक्षा जळगावला किंवा धुळ्याला गेलास की ८ बाय १२ इंचांची एक प्रिंट काढून बघ. स्क्रीनवर भडक वाटणारा ग्रेन कागदावर बराच मवाळ दिसतो.

पुश केलेली (मुद्दाम जास्त डेव्हलप केलेली) फिल्म, स्कॅन केलेल्या ग्रेनचे थर वगैरे सध्या राहू दे. एका फोटोत हे जमलं की विचार, सविस्तर सांगेन.