गावी नेटचा भरवसा नाही. घरचे कागद नि फोटो क्लाउडवर ठेवू की हार्ड डिस्कवर?

घर गुहागरजवळ, भाऊ डोंबिवलीला, जुन्या कागदांचे स्कॅन आणि फोटो मिळून साठेक जीबी, नि पावसाळ्यात नेट रडतखडत, असं तुम्ही लिहिलंय. दोन्हीकडे ठेवा. मात्र डिस्क दोन घ्या आणि त्यातली एक गावाबाहेर राहू द्या.

माझं चिपळूणला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर लोक डिस्क घेऊन यायचे, तेव्हा बहुतेकांची बॅकअपची डिस्क लॅपटॉपशेजारी त्याच कपाटात असायची. दोन्ही एकदम गेलेलं. साध्या हार्ड डिस्कच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं, पुराचं गढूळ पाणी तिथून आत शिरतं. उन्हात वाळवून ती चालू केली की आतल्या तबकडीवर चरे पडतात. म्हणून भिजलेली डिस्क कधीही लावून बघू नका, तशीच डेटा काढून देणाऱ्याकडे न्या.

साठ जीबी गावच्या नेटवरून चढवण्याच्या फंदात पडू नका. अपलोडचा वेग २ एमबीपीएस धरला तर सलग जवळपास तीन दिवस लागतील, आणि आपल्याकडे वीज तेवढा वेळ टिकली तर! त्यापेक्षा भाऊ गणपतीला येईल तेव्हा दुसरी डिस्क भरून त्याच्या हाती द्या. तो डोंबिवलीहून सगळं क्लाउडवर चढवेल आणि डिस्क त्याच्याच घरी राहील. त्यानंतर गावाहून फक्त नवीन फायली चढवायच्या, तेवढं इथल्या नेटला झेपतं. गुगलची फुकट जागा १५ जीबीच, त्यातही जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो सगळे वाटेकरी. १०० जीबीचा प्लॅन घ्यावाच लागेल.

सातबाऱ्याच्या स्कॅनमागे वेळ घालवू नका, डिजिटल सहीचा उतारा महाभूमीच्या साइटवरून कधीही काढता येतो. हाताने लिहिलेली वाटणीपत्रं, जुनी खरेदीखतं, पत्रं असं ज्याची दुसरी प्रत कुठेच नाही, ते आधी स्कॅन करा. फोल्डर भावाला त्याच्या ईमेलवर शेअर करा. 'लिंक असलेला कोणीही' हा पर्याय जमिनीच्या कागदांना अजिबात नको, लिंक एकदा व्हॉट्सॲपच्या भावकीच्या ग्रुपवर गेली की कोण उघडेल सांगता येत नाही. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबून लहान होतो आणि बारीक अक्षरं वाचता येत नाहीत. घरातल्या घरात फोनवरून लॅपटॉपवर फायली टाकायला लोकलसेंड हे ॲप दोन्हीकडे घालून वापरा. दोन्ही एका वायफायवर किंवा हॉटस्पॉटवर असले की पुरे, इंटरनेट लागत नाही.

एक गोष्ट घरच्या सगळ्यांना समजावून सांगाच. फोन भरला म्हणून गुगल फोटोजमधून फोटो डिलीट केला, तर तो क्लाउडवरूनही जातो. कचरापेटीत बॅकअप झालेला फोटो ६० दिवस असतो, ड्राइव्हमधली फाइल ३० दिवस, पुढे काही हाती लागत नाही. फोन रिकामा करायला 'फ्री अप स्पेस' आहे, ते फोनमधली प्रत तेवढी काढतं.

फोटो वडिलांच्या जुन्या खात्यात असतील तर तेही उघडून बघा. दोन वर्षं न वापरलेलं खातं गुगल बंद करू शकतं. त्यातला रिकव्हरी नंबर, म्हणजे पासवर्ड विसरल्यावर ज्यावर कोड येतो तो, बंद पडलेल्या सिमचा निघतो, हे मी फार वेळा बघतो. पासवर्ड लक्षात आहे तोवर हा नंबर बदलून घ्या.