'कपोकल्पित' नव्हे, आणि इथे 'कपोलकल्पित'ही नव्हे

प्रश्न : एका अद्भुतरम्य कादंबरीमालेचे लेखक वाचकांच्या शंकांना उत्तरं देत होते. त्यांनी रचलेल्या जगात आकाशात दोन चंद्र आहेत. एकाने विचारलं, 'दोन चंद्र असताना तिथल्या कोळ्यांचं भरती-ओहोटीचं गणित आपल्यासारखंच कसं?' लेखक म्हणाले, 'हे जग कपोकल्पित आहे, तिथे काहीही घडू शकतं.' हा शब्द बरोबर आहे का? त्याऐवजी 'काल्पनिक' चालेल का?

उत्तर : बरोबर नाही. 'कपो' असा शब्द ना मराठीत आहे ना संस्कृतात. कपोताला कुणी लाडाने तशी हाक मारत असेल तर गोष्ट वेगळी. शब्द आहे 'कपोलकल्पित'. कपोल म्हणजे गाल. दोन ल जवळजवळ आले की जीभ त्यातला एक गिळते, हे बोलण्यात समजू शकतं. पण छापताना कोण गिळतं? 'अनावधानाने' आणि 'कपोकल्पित' ही सख्खी भावंडं आहेत, आणि दोघांचीही छापखान्यात फार ऊठबस आहे. (पहिलं 'अनवधानाने' असतं. असो.)

'ल' परत आणून बसवला तरी माझी तक्रार मिटत नाही. खरी तक्रार 'काहीही घडू शकतं' या शेपटाबद्दल आहे. कल्पित म्हणजे खोटं, कल्पित म्हणजे बेबंद, असा एक समज मराठीत घट्ट बसला आहे. जरा विचार करा. 'कल्पित' या शब्दातच खोटेपणा असता तर त्याला शिवी करायला पुढे गाल जोडण्याची गरज काय होती? जुन्या शास्त्रार्थात प्रतिपक्षाला झोडपताना 'स्वकपोलकल्पित' हा पंडितांचा लाडका शब्द : तुमच्या म्हणण्याला ग्रंथाचा आधार नाही, ते तुमच्या स्वतःच्या गालातून निघालं आहे. दोष गालाचा आहे, कल्पिताचा नव्हे.

यावर कुणी म्हणेल, कादंबरीकाराला कुठला आलाय ग्रंथाधार? त्याचं सगळंच स्वकपोलकल्पित. नाही. मालेचा पहिला भाग छापून झाला की तोच ग्रंथ. पहिल्या भागात दोन चंद्र उगवले आणि तिसऱ्या भागात समुद्राला त्याचा पत्ताच नसला, तर तेवढा तिसरा भाग खुशाल कपोलकल्पित म्हणावा.

आता मुद्द्याचं. 'कल्पना' शब्दाचे रोजचे अर्थ सांगत बसत नाही. 'मला कल्पना नाही', 'त्याला कल्पना देऊन ठेव', हे सगळ्यांना येतं. मूळ धातू क्ऌप्. त्याचा जुना अर्थ मनात चित्रं रंगवणं असा नाहीच; नीट लावणं, जुळवणं, घडवणं, जागच्या जागी बसवणं असा आहे. ऋग्वेदातल्या पुरुषसूक्तात पुरुषाच्या नाभीपासून अंतरिक्ष, मस्तकापासून द्युलोक, पायांपासून भूमी, कानांपासून दिशा झाल्या आणि पुढे येतं, 'तथा लोकाँ अकल्पयन्'. याप्रमाणे देवांनी लोक रचले. 'मनात आणले' नव्हे. संध्येतल्या अघमर्षण मंत्रात 'सूर्याचन्द्रमसौ धाता यथापूर्वमकल्पयत्' म्हणणाऱ्यांनीही तिथे जरा थांबावं : विधात्याने सूर्यचंद्र पूर्वीसारखेच यथास्थित मांडले. म्हणजे जग रचण्याच्या कामाला आपल्याकडचं एक फार जुनं क्रियापद हे, आणि त्यातला पहिला गुण व्यवस्था. न्हाव्याला संस्कृतात 'कल्पक' म्हणत, पालीत 'कप्पक'. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त राजाच्या सेवेतला कल्पक येतो तो हाच, वस्तरा हातात घेतलेला. आज आपण कुणाला 'फार कल्पक' म्हणतो तेव्हा वस्तरा डोळ्यांपुढे येत नाही, हे आपलं नुकसान आहे.

पण मला सगळ्यांत प्रिय आहे तो अमरकोशातला, म्हणजे अमरसिंहाच्या जुन्या संस्कृत शब्दकोशातला अर्थ. क्षत्रियवर्गात हत्तीचा साज सांगताना अमरसिंह म्हणतो, 'कल्पना सज्जना समे' : कल्पना आणि सज्जना हे एकाच अर्थाचे शब्द. हत्तीवर स्वार बसण्याआधी त्याला दोर, झूल, सगळं आवळून तयार करणं म्हणजे कल्पना! एवढं प्रचंड जनावर, आणि कल्पना म्हणजे त्याच्यावर कुणीतरी बसू शकेल अशा रीतीने केलेली बांधाबांध. 'कल्पनेच्या भराऱ्या' लिहिणाऱ्यांनी निदान एकदा तरी 'कल्पनेचे दोर' लिहून पाहावं.

इथून माझा एक लाडका तर्क सुरू होतो. कपोलकल्पितातला गाल माणसाचाच कशावरून? संस्कृत काव्यात कपोल म्हटलं की सुंदरींच्या मागोमाग हत्तीच येतात : कपोलातून झरणारा मद, त्यावर घोंगावणारे भुंगे, गालांची खाज भागवायला झाडांवर अंग घासणारे कालिदासाचे हत्ती. कल्पना हत्तीची, कपोलही हत्तीचे. तेव्हा दोर नाहीत, हौदा नाही, नुसते गाल रंगवून मिरवणुकीत उभा केलेला हत्ती, दिसायला झकास आणि बसायला निरुपयोगी, तो कपोलकल्पित, असं का असू नये? पुरावा मागू नका. तो असता तर मी कोशकारांच्या दारात बसलो असतो. 'कपोल म्हणजे इथे लक्षणेने तोंड' एवढ्यावर ज्यांचं भागतं त्यांचं भागो. गालावर हात टेकून विचार करणारा माणूस या शब्दात पाहणाऱ्यांना मात्र एकच विचारतो : तसं असेल तर श्रेय गालाला का, हाताला का नाही?

धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची अर्थांसह जुनी यादी, या धातूचा अर्थ 'सामर्थ्ये' असा देतो. त्यावरून ताकद, शक्ती असं भाषांतर ठोकून देणारे पाणिनीचं 'समर्थः पदविधिः' (२.१.१) विसरतात. तिथे समर्थ म्हणजे बलवान पद नव्हे. ज्याचा अर्थ शेजारच्या पदाशी जुळतो ते. माझ्या मते क्ऌप्-मधलं सामर्थ्यही याच जातीचं आहे. कल्पित जग म्हणजे ज्याचे भाग एकमेकांशी समर्थ आहेत असं जग.

आता तो वाचक आणि त्याचे कोळी. आपल्या एका चंद्रावर भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे मंद भरती-ओहोटी. उधाण की भांग, हे चंद्र आणि सूर्य एका रेषेत ओढतात की काटकोनात, यावर ठरतं. आणखी एक चंद्र आणलात तर त्याची फेरी वेगळ्या मुदतीची, त्याची ओढ वेगळी; कधी दोघांची उधाणं एकावर एक चढतील, कधी एकाचं उधाण दुसऱ्याच्या भांगात विरेल. त्या कोळ्यांना दोन पंचांगं लागतील आणि दोन्ही एकदम वाचता येणारा म्हातारा गावात सगळ्यांत मोठा असेल. लेखकमहाशय, वाचकाने तुम्हाला अख्खं एक पात्र फुकट देऊ केलं होतं, आणि तुम्ही त्याला 'काहीही घडू शकतं' म्हणून परत पाठवलंत.

राहिलं 'काल्पनिक'. चालेल, पण मी 'कल्पित' म्हणेन. काल्पनिक म्हणजे कल्पनेसंबंधीचं. कुणाची कल्पना, कधीची, याचा पत्ता नाही. कल्पित हे कर्मणी भूतकाळवाचक विशेषण, त्याच्यामागे कर्ता उभा असतो आणि त्याला जाब विचारता येतो. खुद्द 'कादंबरी' शब्दाला आज हात लावत नाही. लावला तर संस्कृतात त्याच नावाचा ग्रंथ लिहिणारा बाणभट्ट मला सोडणार नाही.

जाता जाता : याच धातूतून आपल्याकडे 'क्ऌप्ती' आली. तीत 'लृ' नाही, 'ऌ' आहे. 'एका शब्दासाठी वर्णमालेत एक अख्खा स्वर कशाला?' म्हणणाऱ्यांना पाणिनीचं 'कृपो रो लः' (८.२.१८) दाखवावं. धातुपाठात हा धातू 'कृपू' असा आहे, आणि त्याच्या र-काराचा ल-कार करायला पाणिनीने या एकट्यासाठी स्वतंत्र सूत्र खर्चलं आहे. तो एका अर्ध्या मात्रेचीही काटकसर करणारा माणूस होता.