कोपऱ्यातला फिरता ट्रे घासायलाय, बदलू काय?

प्रश्न : आमचा ओटा एल आकाराचा आहे, कोपऱ्यातल्या कपाटात दोन मजली गोल फिरता ट्रे बसवलाय, सुतार त्याला कॅरोसेल म्हणतो. चार वर्षं छान चालला पण या पावसाळ्यात खालचा ट्रे तळाला घासायलाय, अर्ध्यात अडकतोय. सुतार म्हणतोय सगळं काढून नवीन बसवूया. खरंच बदलायला लागतंय काय?
— एक गृहिणी, खानापूर

उत्तर : ताई, नवीन घ्यायची घाई अजिबात करू नका. हे ट्रे शक्यतो मोडत नाहीत ओ, ते खाली सरकतात नाहीतर मधला पाइप झुकतो, आणि दोन्हीचा इलाज घरात होतो.

आधी दोन्ही ट्रे पूर्ण रिकामे करा, हळदीचा डबासुद्धा ठेवू नका, आणि मग फिरवून बघा. रिकामा ट्रे नीट फिरला तर दोष वजनाचा, त्याचं पुढं सांगते. रिकामाही घासला तर नेमकं कुठं घासतंय ते शोधायचं, कारण बरेच जण इथंच चुकतात, आवाज आला की दिसेल तो स्क्रू पिळत बसतात. ट्रेच्या कडेला खडूनं एक खूण करा आणि हळूहळू फिरवा. ट्रेचा कुठलाही भाग आला तरी कपाटाच्या त्याच एका जागी घासत असेल तर तिथं फळी फुगलीय किंवा पाइप झुकलाय. खुणेबरोबर घासायची जागाही फिरत असेल तर ट्रेची कड वाकलीय, नाहीतर ट्रे पाइपवर तिरका बसलाय. आणि पूर्ण फेरीत सारखंच घासत असेल तर ट्रे पाइपवरून खाली आलाय, हे सगळ्यात सोपं.

ट्रेच्या मधल्या गोल भागाला एक छोटा स्क्रू असतो, बऱ्याच ठिकाणी तो एलन कीनं, म्हणजे एल आकाराच्या षटकोनी चावीनं फिरतो. ट्रेखाली जुन्या वह्यांची थप्पी लावून आधार द्या आणि मगच तो सैल करा, नाहीतर ट्रे धाडकन खाली येतो आणि बोट सापडतं. बोटभर वर उचला, सगळीकडून सारखा आहे बघा, स्क्रू आवळा. मधला भाग प्लॅस्टिकचा असेल तर जोर लावू नका, चिरतो तो.

पाइप झुकलाय का बघायला गवंड्याचा ओळंबा पुरतो, दोऱ्याला जड नट बांधला तरी चालतं. समोरून बघा, बाजूनंही बघा. झुकला असेल तर वरच्या आणि खालच्या पट्टीचे स्क्रू तपासा, खालचेच सैल झालेले असतात. तुमच्याकडचा पाऊस म्हणजे जूनपासून भिंतीला ओल, त्यात कपाट पार्टिकल बोर्डचं, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचं असलं की तळ फुगतो आणि स्क्रूची भोकं मोठी होतात. तिथं लाकडाची बारीक काडी फेविकॉल लावून ठोका, रात्रभर सुकू दे आणि मग स्क्रू मारा. पण त्याआधी सिंकचा पाइप कुठं गळत नाही ना ते हात लावून बघा, गळती राहिली तर सगळी मेहनत वाया. फुगलेला बोर्ड सुकला तरी पहिल्यासारखा होत नाही, त्यामुळं फारच फुगला असेल तर फक्त तळाची फळी बदला आणि आयएस ७१० हा मानक क्रमांक लिहिलेला प्लायच मागा, तो पाण्याला टिकतो. ट्रे, पाइप सगळं जुनंच वापरा.

आता वजन. उकड्या तांदळाचा डबा, गुळाची ढेप, तेलाचा कॅन हे सगळं हाताशी हवं म्हणून आपण दाराकडच्या बाजूला लावतो, आणि एका अंगाला भार पडून पाइप वर्षानुवर्षं तिकडं ओढला जातो. जड डबे खालच्या ट्रेवर, पाइपला लागून आणि समोरासमोर ठेवा, वर फक्त मसाले. मला विचाराल तर तांदळाचा डबा या ट्रेवर नकोच.

प्रश्न : जेवणाच्या टेबलावरचा लाकडी फिरता ट्रे आवाज करत होता म्हणून शेंगदाण्याचं तेल सोडलं, आता फिरतच नाही.
— एक वाचक, निपाणी

उत्तर : खायचं तेल हवेनं चिकट होतं, त्यात पीठ आणि धूळ बसते आणि ट्रेखालच्या बेअरिंगच्या गोळ्या जाम होतात. ट्रे उलटा करून बेअरिंग सोडवा, रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्यानं पुसा, हे काम गॅसजवळ नको, अंगणात करा. पूर्ण कोरडं झालं की सिलिकॉन स्प्रे किंवा वाटाण्याएवढं पांढरं ग्रीस. तरीही खडखडलं तर गोळ्या झिजल्यात, जुनं बेअरिंगच पिशवीत घालून हार्डवेअरच्या दुकानात न्या, मापाला माप आणि भोकाला भोक जुळवूनच नवीन घ्या.