देवळाने कायद्यासाठी सही केली तर टॅक्स एक्झम्प्शन जातं का?

प्रश्न: नमस्कार, आम्ही इलिनॉयमध्ये नेपरव्हिलला राहतो, मी इथल्या मंदिराच्या कमिटीवर आहे. जवळच्या चर्चची मंडळी आली होती, म्हणाली क्लीन एनर्जीच्या कायद्यांसाठी सगळ्या धर्मांचे लोक मिळून राज्याच्या राजधानीत, स्प्रिंगफील्डला, आमदारांना भेटतात, तुम्ही पण या, पत्रावर मंदिराची सही द्या. झालं, आमच्यात लगेच दोन तट! एक काका म्हणतात देवळात राजकारण आलं की टॅक्स एक्झम्प्शन गेलंच समजा, दुसरे म्हणतात आपले निम्मे लोक एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, त्यांनी या भानगडीत पडूच नये. खरं काय?

उत्तर: ताई, काकांचं निम्मं बरोबर आहे. 1954 मध्ये लिंडन जॉन्सन सिनेटर असताना त्यांनी जी दुरुस्ती आणली तिच्यामुळे 501(सी)(3) या कलमाखाली करमुक्त असलेल्या संस्थांना, म्हणजे चर्च, मशीद, देऊळ सगळ्यांना, निवडणुकीत उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात उतरता येत नाही. पण उमेदवार वेगळा आणि विधेयक वेगळं. विधेयकावर बोलायला परवानगी आहे, फक्त तो संस्थेच्या कामाचा मोठा हिस्सा होता कामा नये. मोठा म्हणजे किती, तर देवस्थानांसाठी पक्का आकडा कुठेच लिहिलेला नाही, 1955 च्या एका केसमध्ये पाच टक्क्यांपेक्षा कमी वेळ आणि मेहनत चालेल असं कोर्टाने धरलं होतं. तुमचं मंदिर वर्षात दोन पत्रं आणि एक बस पाठवणार, त्याने काही होत नाही. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची तर 1943 पासून वॉशिंग्टनमध्ये कायद्यांवर बाजू मांडायला वेगळी संस्थाच आहे.

एच-वन-बीवाल्यांना मत देता येत नाही आणि प्रचारासाठी पैसे तर अजिबात द्यायचे नाहीत. पण आमदाराला भेटणं, पत्र लिहिणं हे चालतं, त्याला नागरिकत्व लागत नाही. तरी ज्याला भीती वाटते त्याला ओढून नेऊ नका, उगाच वाईटपणा कशाला.

एक आगाऊ सल्ला देतो, सहीआधी कमिटीचा ठराव करून घ्या आणि पत्रात विधेयकाचा नंबर घाला, नुसतं पृथ्वी आपली माता वगैरे लिहिलं तर ते पत्र फाइलला लागतं आणि तिथेच राहतं.

प्रश्न: पण याने खरंच फरक पडतो का? की नुसते फोटो?

उत्तर: दोन्ही होतं. सॅली बिंगहॅम म्हणून एपिस्कोपल पंथाच्या धर्मगुरू, सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेस कॅथीड्रलशी संबंधित, त्यांनी 1998 मध्ये काम सुरू केलं ते साधंच, चर्चने हरित वीज विकत घ्यावी एवढंच. त्यातून पुढे इंटरफेथ पॉवर अँड लाइट ही सर्वधर्मीय संस्था झाली, आणि 2006 मध्ये कॅलिफोर्नियाचा प्रदूषक वायू कमी करण्याचा एबी 32 कायदा चालला होता तेव्हा हे लोक त्याच्या बाजूने उभे होते, तेव्हाचे गव्हर्नर श्वार्झनेगर रिपब्लिकन असून त्यांनी त्यावर सही केली. आता 2009 चं बघा, हवामानाबद्दलचं वॅक्समन-मार्की विधेयक अमेरिकी संसदेच्या खालच्या सभागृहात 219 विरुद्ध 212 ने पास झालं, बऱ्याच धार्मिक संघटना पाठीशी होत्या आणि तरी सिनेटमध्ये ते मेलंच. शिवाय धर्माची माणसं सगळी एका बाजूला असतात असंही नाही, कॉर्नवॉल अलायन्ससारखे इव्हँजेलिकल गट नेमकं उलटं सांगतात, म्हणजे आमदाराच्या टेबलावर बायबल दोन्हीकडून येतं.

म्हणून माझं मत विचाराल तर श्लोक घरी ठेवा. आमदाराला वीज कंपनीचे लोक रोजच भेटतात, पण ज्याला काही विकायचं नाही असा त्याच्याच मतदारसंघातला माणूस मंदिराचं विजेचं बिल हातात घेऊन आला की तो जरा सरळ बसतो. तुमच्याच राज्यात सप्टेंबर 2021 मध्ये गव्हर्नर प्रिट्झकरनी ज्या क्लायमेट अँड इक्विटेबल जॉब्स कायद्यावर सही केली ना, त्यामागच्या आघाडीत शिकागोची फेथ इन प्लेस ही धार्मिक संस्था होती. त्या कायद्यात 2050 पर्यंत शंभर टक्के स्वच्छ विजेचं लक्ष्य आहे, खाजगी कोळसा प्लांट 2030 पर्यंत बंद, पण नगरपालिका ज्यात भागीदार आहेत त्या प्रेअरी स्टेट या कोळसा प्लांटला मात्र 2045 पर्यंत मुभा. आणि गंमत म्हणजे नेपरव्हिलची वीज तुमची नगरपालिकाच विकते आणि ती ज्या एजन्सीकडून घेते तिचा याच प्रेअरी स्टेटमध्ये हिस्सा आहे! 2035 ला संपणारा तो करार 2055 पर्यंत वाढवायचा का यावर तुमच्याकडे केवढा वाद झाला, तेव्हा स्प्रिंगफील्ड नंतर, आधी सिटी कौन्सिलच्या मीटिंगला जा, तिथे तीन मिनिटं बोलायला मिळाली तरी पुष्कळ.

प्रश्न: छतावर सोलर बसवलं तर मंदिराला काही मिळतं का? आम्ही टॅक्सच भरत नाही.

उत्तर: हेच तर 2022 च्या इन्फ्लेशन रिडक्शन कायद्याने बदललं. टॅक्स न भरणाऱ्या संस्थेलाही टॅक्स क्रेडिटची, म्हणजे करसवलतीची, रक्कम, छोट्या सिस्टिमला खर्चाच्या 30 टक्के, थेट रोख मिळू लागली, याला डायरेक्ट पे म्हणतात. पण जुलै 2025 च्या नव्या कायद्याने सोलरचं क्रेडिट आवळलं: काम 4 जुलै 2026 पर्यंत सुरू व्हायला हवं, नाहीतर 2027 संपायच्या आत सिस्टिम चालू झालेली हवी, आणि 2026 पासून सुरू होणाऱ्या कामांना चिनी मालाची बंधनं आहेतच. पैसे आधी आपल्या खिशातून घालायचे, मग आयआरएसकडे, म्हणजे केंद्राच्या कर खात्याकडे, रजिस्ट्रेशन, मग फॉर्म 990-टी हा टॅक्सचा फॉर्म, मग परतावा, त्यामुळे मधल्या काळासाठी कर्ज किंवा देणगीदार शोधून ठेवा. आणि हो, छप्पर जुनं असेल तर आधी ते बदला, पॅनल उतरवून पुन्हा चढवायचा खर्च कुणी देत नाही.